माझं वय दोरीखाली होतं

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. किती जुनी, ते मात्र मलाही ठाऊक नाही. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या सियासी नावाच्या बेटावर मला कलिस म्हणतात. माझं दुधारी पातं नागासारखी वळणं घेत जातं. पहिली भट्टी मला आठवते, पण भट्टीत कुणी साल सांगत नाही.

पुढे अनेक हात आले. कुणी माझी मूठ बदलली, कुणी म्यान. शेवटचे हात एका होडीवाल्याचे. मूठ सैल झाली तेव्हा त्याने मासेमारीच्या दोरीने मला मुठीपासून पात्याच्या खांद्यापर्यंत, म्हणजे मुठीलगतच्या रुंद भागापर्यंत, आवळून बांधलं. यंदा तो वारला.

त्याचा मुलगा अब्दुरास व्यापारी गाठून आला. "मूठ नवी, म्यान नवं, वर ही निळी दोरी! बाजारू माल आहे हा, मुर्सिदा. व्यापारी घासून चकचकीत करेल नि शोभेला विकेल."

"तुझी टोपीही नवीच आहे, दादा," त्याची बहीण म्हणाली. "म्हणून डोकं कालचं का?"

"मग दाखव हिचं वय. पणजोबांच्या काळातली निघाली, तर घराबाहेर काढणार नाही. शब्द देतो."

वय कुठे वाचायचं, हे दोघांनाही माहीत होतं. जुने लोहार पात्याच्या खांद्याचा तुकडा वेगळा घडवून बसवत. अलीकडचे अख्खं पातं एकसंध करतात नि तिथे नुसती रेघ कोरतात. माझा खांदा दोरीखाली होता. ती सोडायची, म्हणजे बाबांच्या हातची गाठ सोडायची.

अब्दुरासने चाकू पुढे केला. मुर्सिदाने तो घेतला नाही. नखांनी गाठ उकलत बसली. मध्येच थांबली, पुन्हा लागली. उत्सुकता मलाही होती.

दोरी सुटली. तिने लिंबाचा रस चोळला. काळपट थराखालून पोलाद उजळलं आणि खांद्यापाशी बारीक रेघ दिसली. तिने तिथे सुईचं टोक टेकवलं. टोक आत गेलं. तो सांधा होता.

"हं," अब्दुरास म्हणाला. "आता व्यापाऱ्याला काय सांगू?"

"सांग, म्हातारी यायला तयार नाही."

तो हसला नि चाकू परत ठेवून दिला.

मूठ पुन्हा डुगडुगू लागली होती. मुर्सिदाने तीच दोरी गुंडाळली. बाबांची गाठ तिला काही केल्या जमेना. शेवटी तिने आपली साधी गाठ मारली.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर घासून नवी करू नका. तिला सावकाश वय विचारा, आणि तिच्या दुरुस्त्यांना हसू नका. माझं पातं कितीही जुनं असो, आज मला धरून ठेवलंय ते त्या साध्या गाठीने.