जाकिटाचे वजन

गोळी अडवणारे जाकीट कापडाचे असू शकते, हे दौलतरावांना पटवायला मला दोन महिने लागले. एकदा पटल्यावर मात्र ते जाकीट स्वतः घालून गोळी झेलण्याच्या विचारापासून त्यांना दूर करणे मला शेवटपर्यंत जमले नाही.

१९८० साली दौलतरावांचा कारखाना भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रबरी कन्व्हेयर बेल्ट बनवत असे. बेल्टच्या पोटात नायलॉनच्या कापडाचे थर असतात. ते कापड किती ताणावर तुटते हे मोजण्यासाठी मला नेमले होते. मी मृदुला आपटे, भौतिकशास्त्राची एम.एस्सी. कारखान्यात पदवीचा उल्लेख कोणी करत नसे. मला सगळे 'बाई' म्हणत. दौलतराव मूळचे गावचेच. "जिथं माझा हरभरा व्हता, तिथंच आता माझा बॉयलर हाय," असे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि पाहुण्याला आधी बॉयलर व मग चहा दाखवत.

एका परदेशी धागा कंपनीचा प्रतिनिधी नमुना म्हणून पिवळ्या कापडाचा एक तागा आमच्याकडे ठेवून गेला. अ‍ॅरामिड नावाचा हा धागा वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट ताकदीचा होता. बेल्टसाठी तो परवडणे शक्य नव्हते. परंतु माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर जाकीट घातलेल्या अमेरिकन शिपायाचे चित्र होते, आणि दौलतराव कोणतेही पत्रक शेवटून वाचत. पुण्यातले एक पोलीस उपअधीक्षक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्या खात्यातली पोलादी पत्र्यांची जाकिटे नऊ किलोंची होती. ती घालून चोराच्या मागे पळता येत नसे, आणि प्रसंगी चोराच्या पुढेही पळता येत नसे.

दौलतरावांचा कापडावर विश्वास नसला तरी ऑर्डरवर होता, म्हणून काम माझ्याकडे आले. गोळीला अडवायचे नसते, झेलायचे असते, एवढेच त्यातले तत्त्व. मच्छरदाणीवर फेकलेला चेंडू जसा आजूबाजूची जाळी ओढत थांबतो, तशी गोळी एकेका थरातले धागे ताणत, शेजारच्या धाग्यांना सोबत ओढत थकते. थर जास्त, तर भरवसा जास्त आणि वजनही जास्त.

शिवणकाम सोजराबाईंकडे होते. त्या अंबाजोगाईकडच्या, आमच्याकडे गाळणीच्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवत. पहिल्याच दिवशी त्या बोथट झालेली तिसरी कात्री घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, ह्या कापडाला कात्रीच लागंना. ह्याची चड्डी शिवली तर माणूस मरंल, पर चड्डी ऱ्हाईल."

"चड्डी नाही शिवायची. जाकीट."

"त्येच म्हणते मी. जाकीट ऱ्हाईल."

त्यांनी पहिला नमुना गोधडीसारखा आडव्या-उभ्या दाट टाक्यांनी शिवून आणला. तो दिसायला देखणा आणि पुठ्ठ्याइतका ताठ होता. थरांना एकमेकांवर सरकता आले पाहिजे, म्हणून टाके फक्त कडेला हवेत, हे मी समजावले. सोजराबाईंनी उसवले, पण गोधडीचा अपमान त्यांनी मला बरेच दिवस विसरू दिला नाही.

गोळी झाडण्यासाठी उपअधीक्षकांनी दर गुरुवारी रंगराव नावाचे हवालदार सरकारी पिस्तुलासह पाठवायचे कबूल केले. जागा मोशीकडची एक बंद दगडखाण. कापडामागे मऊ माती हवी असते. गोळी थांबली तरी मातीत जो खळगा पडतो, त्याच्या खोलीवरून आतल्या बरगड्यांचे काय झाले असते ते कळते. मी चिंचवडच्या एका मूर्तिकाराकडून मोसमात उरलेली शाडूची माती आणली. एका ढेकळाला सुपाएवढा एक कान शिल्लक होता. रंगरावांनी पिस्तूल खाली केले.

"बाई, तेवढा कान मोडा. मला पोरंबाळं हाएत."

मी कान मोडला. त्यानंतर रंगरावांनी जे नेम लावले त्यांत चुकीचे अंतर दोन बोटांच्या आत होते. माझ्या आयुष्यात मला मिळालेले ते सर्वांत विश्वासू उपकरण होय.

मी चोवीस थरांपासून सुरुवात केली. दौलतरावांनी भेंडीच्या ढिगासमोर उभे राहावे तसे घासाघीस करून दोन-दोन थर उतरवले. बावीस थरांत गोळी थांबली. वीस थरांत थांबली. अठरात थांबली. सोळात ती आरपार जाऊन खाणीच्या भिंतीवर वाजली. अठरा थर ठरले. अठरा थरांच्या चौकोनांवर आम्ही बारा गोळ्या झाडल्या; बाराही थांबल्या. उरलेल्या कापडात एकच पूर्ण जाकीट बसत होते. ते सोजराबाईंनी खाकी आवरण घालून शिवले, आणि माप घेतले ते दौलतरावांचे: छाती शेहेचाळीस, पोट त्याहून अधिक. त्या मापाचे लोक पोलीस खात्यातही होते, पण गोळीबाराच्या ठिकाणी ते क्वचितच आढळत.

मापाचे कारण मला उशिरा कळले.

"साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खाणीवर येणार," दौलतराव म्हणाले. "मातीवर गोळी कुनीबी मारंल. आपला माल हाय ना? मग मी घालून उभा ऱ्हातो. रंगराव मारतील. साहेब तिथंच चाळीस जाकिटांची ऑर्डर देतील. फक्त रंगराव म्हणत्यात, बाईंनी लिहून दिलं तर."

"मी लिहून देणार नाही."

"का? बारापैकी बारा थांबल्या की!"

बारा गोळ्या थांबल्या म्हणून तेरावी थांबेलच असे नाही, हे मी कागदावर मांडून दाखवले. पंच्याण्णव टक्के खात्रीने बोलायचे, तर पाचांतली एक गोळी आरपार जाण्याची शक्यता अजूनही नाकारता येत नव्हती.

दौलतरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "म्हंजे पाचात चार थांबणार. ऐंशी टक्के. आमच्या सुरेंद्रला दहावीला ऐंशी टक्के पडले तवा आमी गावजेवण घातलं व्हतं."

"त्याच्या उरलेल्या वीस टक्क्यांनी कोणी मेले नाही."

"बाई, तुमी लई शिकल्या म्हणून घाबरता," ते म्हणाले, आणि विषय त्यांच्या लेखी संपला.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. मी अशा वेळी तपासणी कक्षात थांबून नोंदवह्या लावते. श्रद्धेला माझा विरोध नाही. फक्त कुंकू ताणमापकाच्या दातेरी चाकांत गेले की ते जून महिन्यापर्यंत निघत नाही. त्यामुळे पूजेत काय काय मांडले होते, ते मी पाहिले नाही. ही चूक माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही खाणीवर होतो. उपअधीक्षक जीपमधून उतरले. दौलतराव आधीच जाकीट घालून, हात कमरेवर ठेवून, शाडूच्या ढिगापुढे उभे होते. कपाळाला नाम, खिशाला झेंडू.

"हे काय?" उपअधीक्षकांनी मला विचारले.

"प्रात्यक्षिक," दौलतरावच म्हणाले. "माल आमचा, छाती आमची. रंगराव, लावा नेम!"

रंगराव हलले नाहीत. "बाईंचा कागद?"

"कागद मी दिलेला नाही," मी म्हणाले. "आणि प्रत्येक चाचणीआधी नमुन्याचे वजन नोंदवले जाते. दौलतराव, जाकीट काढा."

"लग्नात नवरदेवाचं वजन करता का तुमी?"

"काढा हो," उपअधीक्षक म्हणाले. "नियम आहे तर आहे."

दौलतराव कुरकुरत जाकिटातून बाहेर आले. मी ते ताणकाट्याला लटकवले. शिवून झाले त्या दिवशी त्याचे वजन तीन किलो शंभर ग्रॅम होते. काटा तीन किलो सातशे वीसवर थांबला. मी काटा शून्यावर आणून पुन्हा लटकवले. सातशे वीस. वरून हात फिरवला: खाकी आवरण कोरडे, कडक, इस्त्रीची घडी स्पष्ट. दोन बोटांनी कडा दाबली. एक थेंब आला, आणि माझ्या बुटावर पडला.

"सोजराबाई," मी विचारले, "हे जाकीट धुतले का?"

सोजराबाई दुरुस्तीसाठी सुई-दोरा घेऊन आल्या होत्या. "धुतलं की. काल मालकांनी पूजेत ठिवलं, त्याच्यावर नारळ फोडला. समदं पाणी अन् कुंकू त्याच्यावर. मालकच म्हनले, साहेब येनार, डाग जाऊ द्या. मंग बुडवून धुतलं, पिळलं, इस्त्री केली. कसं दिसतंय बगा, दुकानातल्यावानी."

"शस्त्र म्हणून पूजा केली," दौलतराव म्हणाले. "त्याला का नारळ नको? आन् भिजलं तर भिजलं. पोलाद पावसात भिजून मऊ पडतं का?"

उपअधीक्षक माझ्याकडे वळले. "ओल्याने फरक पडतो?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. बाराही गोळ्या कोरड्या कापडावर झाडल्या. ओल्यावर एकही नाही. धागे एकमेकांना घासून गोळीला धरतात, आणि पाण्यात गोष्टी निसरड्या होतात. एवढेच सांगता येईल. आधी मातीवर एक गोळी झाडा."

"येकच जाकीट हाय!" दौलतरावांचा आवाज चढला. "मातीवर मारून भोक पाडलं तर साहेबांना दाखवू काय? सा महिन्यांचं काम हाय, बाई. घाला माझ्या अंगात, मी ऱ्हातो उभा. मी मालक हाय का तुमी?"

"तुम्ही मालक आहात. म्हणून तर."

"रंगराव!"

रंगरावांनी पिस्तुलाची नळी जमिनीकडे ठेवली. "दौलतराव, तुमच्या घरचं मटण खाल्लंय मी. बाईंचा कागद न्हाई, तर मी तुमच्यावर घोडा दाबनार न्हाई. साहेबांनी हुकूम दिला तरी न्हाई." मग साहेब शेजारीच उभे असल्याचे आठवून त्यांनी टाचा जुळवल्या. "माफी असावी, सर."

"माफ. मातीवर मारा," उपअधीक्षक म्हणाले.

जाकीट शाडूच्या ढिगाला बांधले. रंगरावांनी नेहमीसारखाच नेम लावला. आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला. कापडाचा थप्प असा आवाज नव्हताच. मातीमागे टेकू दिलेल्या लाकडी फळीचा तुकडा उडून खाणीत पडला.

आम्ही जवळ गेलो. दौलतरावांनी जाकिटातल्या भोकात तर्जनी घातली. ती मुळापर्यंत गेली. ती बाहेर काढून, मातीने माखलेली तशीच, त्यांनी आपल्या सदऱ्यावर त्याच उंचीला टेकवली. बेंबीच्या चार बोटे वर एक गोल राखाडी ठसा उमटला. मग ते जवळच्या दगडावर बसले आणि खिशातला झेंडू काढून हातात धरला.

"मापात शिवलं व्हतं," सोजराबाई पुटपुटल्या, "म्हनून बराबर बसलं."

उपअधीक्षकांनी टोपी काढून घाम पुसला. "आपटेबाई, पावसाळा किती महिने?"

"चार."

"आणि पोलिसाला घाम?"

"बारा."

"मग हे कोरडे जाकीट कोणासाठी आहे?"

सहा महिने मी थर मोजले, खळगे मोजले, शक्यता मोजल्या. पाण्याची एक बादली माझ्या डोक्यात आली नाही. ती माझ्याऐवजी एका नारळाने आणली, आणि नारळाने प्रबंध लिहिलेला नसतो.

"भिजवून पास करा, मग बोलवा," उपअधीक्षक जीपमध्ये बसताना म्हणाले. तागा मागवण्यासाठी त्यांनी शिफारसपत्रही दिले. आयात परवाना यायला सात महिने लागले.

उपाय शोधायला सात मिनिटेही लागायला नको होती. आम्ही रबराचा कारखाना होतो. अठरा थर रबर चढवलेल्या पातळ कापडाच्या पिशवीत बंद केले आणि कडा गरम दाबून चिकटवल्या. वजन साडेतीनशे ग्रॅमने वाढले. चाचणीची पद्धत मी नव्याने लिहिली: नमुना एक तास बादलीत बुडवणे, पुसणे, वजन करणे, गोळी झाडणे. पुन्हा बारा गोळ्या झाडल्या; बाराही थांबल्या. सोजराबाई या चाचणीला 'नारळाची' म्हणू लागल्या, आणि अखेर नोंदवहीच्या मथळ्यावरही कोणीतरी तेच लिहिले. मी खोडले नाही.

त्या काळात दौलतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की भैरोबाने नारळ घालून आपल्याला वाचवले. मी एकदा शांतपणे दुरुस्ती केली.

"नारळाने तुमचे जाकीट नापास केले. ते कोरडे असते तर तुम्ही कदाचित वाचला असता."

"कदाचित म्हंजे?"

"पाचात चार."

"आन् नारळ फोडला, म्हणून तुमी मला उभंच ऱ्हाऊ दिलं न्हाई. म्हंजे पाचात पाच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मंग जास्त पक्कं काय, बाई? तुमचं जाकीट का माझा नारळ?"

मी घरी जाऊन ते गणित पुन्हा केले. त्यात काहीतरी मूलभूत चूक आहे याची मला खात्री आहे. ती अद्याप सापडलेली नाही.

पुढच्या दसऱ्याला मी नोंदवह्या सोडून पूजेला उभी राहिले, हातात ताणकाटा घेऊन. दौलतरावांनी नव्या जाकिटावर नारळ फोडला. पाणी ओघळून खाली गेले. मी आवरण पुसून वजन केले: दोन किलो आठशे. कालचेच.

दौलतरावांचे डोळे चमकले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि जाकीट उचलले.

"आता तरी?"

त्यांनी एक हात आत घातला. दुसरा कोपरापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी श्वास ओढला, पोट आत घेतले, पुन्हा जोर लावला. बाकीचे कामगार पेढे खायचे थांबून पाहू लागले.

"सोजराबाई, हे कुनाच्या मापाचं?"

"छत्तीस छाती," सोजराबाई कात्रीला कुंकू लावत म्हणाल्या. "बाईंनीच सांगितलं व्हतं."

शेहेचाळीस आणि छत्तीस. येथे शक्यतेचा प्रश्न नव्हता.