तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मी एक शिक्का बोलतोय. शब्द साधे आहेत, लिहिण्यात चुकाही असतील, तेवढं सांभाळून घ्या. मला संस्थेच्या नावापलीकडे काही लिहिता येत नाही, आणि तेही माझ्या अंगावर उलटं कोरलेलं आहे.

मी लाकडाचा, बोटभर उंच. आमच्या जपानमधल्या डोंगराळ गावातून खाली दवाखान्याकडे जाणारी बस पुढच्या मार्चअखेर बंद होणार होती, म्हणून फुमिएसाननी मला करवून घेतलं. फुमिएसान शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. म्हाताऱ्यांची ने-आण करायला गाडी ठेवायची आणि त्यासाठी संस्था काढायची, असं त्यांनी ठरवलं. कायद्याला दहा सभासद लागतात, ते मिळाले. आता अध्यक्षाच्या हातून मी नोंदणीच्या अर्जावर उमटायचं, एवढंच उरलं होतं.

अध्यक्ष कोण, हे गावाला ठाऊकच होतं. कुवाबारासान, पोस्टातले जुने साहेब. सभेला ते केस कापून, टाय लावून आले आणि दाराजवळ, सगळ्यात कमी मानाच्या जागी बसले. फुमिएसाननी विचारलं. ते म्हणाले, माझी काय लायकी. पुन्हा विचारलं. ते म्हणाले, माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत.

"बरं, मग राहू दे," फुमिएसान म्हणाल्या.

पोरानं नको म्हटलं की पुढच्या ताटाकडे वळायचं, ही त्यांची जन्माची सवय. मग त्यांनी इतरांना विचारलं. कुवाबारासानांच्या देखत हो कोण म्हणणार? सगळ्यांचे गुडघे एकदम दुखू लागले.

पुढच्या सभांना कुवाबारासान आलेच नाहीत. सर्दी झाल्याचा निरोप आला. मी डबीत पडून राहिलो. डबीला आतून लाल मखमल आहे. तिच्याबद्दल मला आता सगळं माहीत आहे.

शेवटी ओतानेआजी फुमिएसानकडे आल्या. त्या याच बसनं डायलिसिसला जात. बस गेली की गाव सोडून लेकाकडे शहरात राहायला जाणं भाग होतं.

"किती वेळा विचारलंस गं त्यांना?"

"दोनदा, आजी. दोन्ही वेळा नाही म्हणाले."

"मग तिसऱ्यांदा कोण विचारणार, मी?"

"पण नको असेल त्यांना..."

"नको असतं तर टाय कशाला लावला असता? पोरांना वाढण्यात जन्म गेला तुझा, म्हाताऱ्यांना वाढायचं शिकायचं राहिलं."

त्याच संध्याकाळी फुमिएसान मला घेऊन कुवाबारासानांकडे गेल्या. ते टीव्हीवर कुस्ती बघत होते. सर्दी दिसली नाही. फुमिएसाननी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"आता इतका आग्रहच आहे म्हटल्यावर," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

मी उमटलो. कडेला जरा थरथरलो, पण वाचता येतो.

माझं एकच मागणं आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर एकदा जास्त विचारा. डबीत पडून राहणाऱ्याला त्यानं फार फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवाबारासान अर्ज आणि मला घेऊन बसमध्ये चढले. शेजारी ओतानेआजी बसल्या होत्या. त्यांना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं साहेबांच्या खांद्यावर टेकलं. अर्ज द्यायच्या कचेरीचा थांबा आला. साहेब हलले नाहीत. दवाखान्यापाशी त्यांनी आजींना हात देऊन उतरवलं, आणि मग मला खिशात घेऊन ते कचेरीपर्यंत चालत मागे आले.