डाव्या कानाचा कप

मित्रांनो, एका बाईंच्या पत्राला मामांनी फार दिवस उत्तर दिलं नव्हतं. त्या पत्राचं कारण मी. मी एक जुना, निळ्या काठाचा कप आहे.

भट्टीतून आम्ही सहा भावंडं निघालो. पाच फुटली. मी एकटा एका मालिकेच्या सामानात येऊन पडलो. दृश्यातलं सामान मांडणारे ते मामा. घर सोडून गेलेला बाप परत येतो, पण तो खरा की तोतया हे शेवटपर्यंत कळत नाही, अशी ती गुंतागुंतीची मालिका. मामा मला त्याच्यापुढे ठेवत, माझा कान त्याच्या डावीकडे करून.

प्रेक्षकांनी ते हेरलं. बाप तर उजव्या हाताचा! माझे फोटो मोबाइलवर फिरले, कानाभोवती लाल वर्तुळं आली. कान डावीकडे, म्हणजे हा तोतया. खरं तर मामा डावखुरे, एवढंच. रंगभूषावाल्या ताई म्हणाल्या, "मामा, तुम्ही तर सगळ्यांना मामा बनवलंत." मामा ओशाळले. आपल्यात एवढा अर्थ नाही हे मलाही ठाऊक होतं. तरी कौतुक गोड लागलं.

मालिका संपली. मी गोदामातल्या फळीवर आलो. माणसं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देतात. मला कान एकच, त्यामुळे ऐकलेलं आतच राहतं. मामांनी पुटपुटत वाचलेलं त्या बाईंचं मोबाइलवरचं पत्रही राहिलं.

"मुलगा दूर असतो. एरवी 'जेवलीस का' याच्यापुढे बोलत नाही. तुमच्या कपावरून मात्र तासभर भांडतो. तो म्हणतो तोतया, मी म्हणते खरा. कोण बरोबर?"

खरं सांगावं तर मायलेकांचं बोलणंच संपायचं. खोटं मामांना लिहवेना.

काल ते आले. माझ्यावरची धूळ पुसली, मला शेजारी ठेवून शेवटचा भाग पुन्हा पाहिला आणि एकदम थबकले. शेवटच्या दृश्यात माझा कान उजवीकडे होता! तिथे सगळे रडत होते, कपाकडे बघणार कोण? मग त्यांनी सावकाश लिहिलं.

"ताई, मी डावखुरा, म्हणून कान डावीकडे. पण शेवटच्या दृश्यात तो उजवीकडे आहे. तो मी फिरवलेला नाही. कोणी फिरवला, मला माहीत नाही. मुलाला विचारून बघा."

मित्रांनो, घरातला जुना कप टाकण्यापूर्वी जरा थांबा. त्याच्या निमित्ताने कोणी कोणाशी बोलत असेल.

मामांनी लिहिलेलं एकदा पुटपुटत वाचलं. मग उत्तर गेलं.