मी मांगून जेवतो

मूल गावाच्या पंचक्रोशीत मुखरू आचाऱ्याच्या हातच्या वडाभाताशिवाय लग्न लागलं, तरी लोक लागलं म्हणत नसत. पंगत उठेपर्यंत हा बाबा शिताला शिवायचा नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचा, "तुमी जेवा, मी मांगून जेवतो." आचाऱ्यानं शेवटी जेवायचं, हा त्याचा धर्म.

चौपन्न साली सावली गावाकडच्या जंगलात एक फाटकी फिल्म कंपनी आली. पैशाच्या नावानं बोंब. मुखरू तिथं रांधायला होता. मालकाला विष घालणाऱ्या नोकराचं काम करणारा नट हिवतापानं आडवा पडला, तेव्हा दिग्दर्शकानं यालाच उभं केलं. म्हणाला, रोज वाढतोस तसं वाढ. यानं वाढलं. पडद्यावरच्या मालकानं विचारलं, "तू नाही जेवत?" आणि याच्या तोंडून सवयीचंच वाक्य गेलं. दिग्दर्शक जाम खूश.

नागपुरात म्हणे तो सिनेमा तीन दिवसांत उतरला. मूलच्या तंबूत मात्र बाजाराच्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. मुखरू नवं धोतर नेसून पुढंच बसला. तो पडद्यावर दिसताच शिट्ट्या झाल्या. मग ते वाक्य आलं, मालक ताटावर उलथला, आणि अख्खा तंबू चिडीचूप झाला. मुखरूला वाटलं, काय काम केलं आपण! आता या येड्याला कोण सांगणार?

आठवड्याभरात गावातल्या गुणवंतरावांनी पोरीच्या लग्नाचा स्वयंपाक दुसऱ्याला दिला.

"सिनेमा खोटा असते, आमाले का समजत नाई?" ते मान खाली घालून म्हणाले. "पण भाऊ, पंगतीत कोणाच्या घशाखाली घास उतरनार नाई."

माणूस खोटं बोलत नव्हता, तेच वाईट. एकेक करत सगळी लग्नं गेली. मुखरूची पातेली परसात पालथी पडली.

एका दुपारी त्याची बायको गुणाबाई धान कापून घरी आली. मुखरूनं तिच्यासाठी हौसेनं वडाभात केला होता. तिला वाढून तो चुलीपाशी बसला.

"तुमी काऊन नाई बसत?" तिनं विचारलं.

"तू जेव, मी मांगून..."

गुणाबाईचा हात ताटावर थांबला. तीस वर्षं याच हातचं खाल्लेली बाई. तो उठला, तिच्यासमोर बसला आणि तिच्याच ताटातला भात कालवून तोंडात घातला. "अवो, हे का करता?" असं ती म्हणेल, याची त्यानं वाट पाहिली.

त्यानं घास गिळेपर्यंत गुणाबाई थांबली.