डोकं दाराकडे

म्हाताऱ्याचा हात आता चालत नाही, असं साहेब सगळ्या टोळीसमोर बोलला होता, आणि हे त्याच्या सुनेला कळलं ते ती काम करायची त्या वर्कशॉपमध्ये, क्रेनवाल्याच्या तोंडून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने उभा जन्म तेलविहिरींत तार सोडण्यात घालवला, तारेच्या थरथरीवरून जो खाली काय चाललंय ते सांगायचा, त्याच्या हाताबद्दल बोलणारा हा कोण लागून गेला? साहेबाला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. नाडी दिवसभर त्याच्या मागे फरफटत असायची.

प्रकरण असं होतं. विहीर थकली की तेल आपल्या जोरावर वर येत नाही. मग नळीच्या बाहेरून गॅस सोडतात. तो तेलात शिरून त्याला हलकं करतो आणि वर आणतो. गॅसला आत घेणारा व्हॉल्व ज्या जाडजूड नळीत बसतो, ती मँड्रेल. तिच्या पोटात एका बाजूला खिसा असतो. विहिरीत जोर असेपर्यंत त्या खिशात नुसतं बूच असतं. गरज पडली की तारेला हत्यार बांधून खाली सोडायचं, बूच उपटायचं आणि त्याच्या जागी व्हॉल्व ठोकायचा. हे सगळं जमिनीच्या पोटात, न बघता. सासऱ्यांनी असे व्हॉल्व किती बसवले याला गणती नव्हती. या विहिरीत मात्र त्यांचं हत्यार दर वेळी रिकामंच वर आलं. साहेबाने खापर त्यांच्यावर फोडलं, आणि निवृत्ती तोंडावर आलेली असताना त्यांना तारेवरून काढून गोदामात बसवायचं ठरवलं.

घरी सासऱ्यांनी विषय झटकला. जाऊ दे म्हणाले. सुनेला ते जाऊ देणं मुळीच सहन होईना. नवऱ्याने तिला यात पडू नकोस म्हणून पाहिलं, पण तिचं तोंड एकदा सुटलं की तो पुढचं बोलणं गिळून टाकायचा.

दुसऱ्या दिवशी ती साहेबासमोर जाऊन उभी राहिली. खिशात वाळू भरली असेल, नळी वाकली असेल, काहीही असेल, पण हाताचा दोष नाही, असं तिने ठणकावलं. सगळ्या नळ्या वर काढा म्हणाली. साहेब हसला. मँड्रेल तुमच्याच वर्कशॉपमधून आली होती ना, असं त्याने विचारलं.

"म्हणूनच सांगते. माझ्या हातून गेलेल्या मालात खोट नसते," ती म्हणाली.

विहीर बंदच पडली होती, त्यामुळे नळ्या काढाव्या लागणारच होत्या. नळ्या काढायच्या दिवशी सकाळी सासरे बुटांत पाय घालता घालता म्हणाले, ऊन फार आहे, तू येऊ नकोस. तिने रजा टाकली आणि त्यांच्या मागोमाग गेली.

नळ्या एकेक करून वर आल्या आणि शेवटी मँड्रेल आली. तिने रंगवलेला पिवळा बाण चिखलातूनही दिसत होता. बाण वर, जसा असायला हवा तसा. तिने फडकं घेतलं आणि कारखान्याने ठोकलेली डोक्याची, म्हणजे कोणतं टोक वर हे सांगणारी, खूण शोधायला वरचं टोक पुसलं. तिथे काही नव्हतं. खूण खालच्या टोकाला सापडली. मँड्रेल उलटी होती. खिशाचं तोंड खाली. वरून जन्मभर तार सोडली असती तरी त्या बुचाला कोणाचा हात लागला नसता.

वर्कशॉपची रीत होती: मँड्रेल स्टँडवर ठेवताना डोकं दाराकडे. मग दोन्ही टोकांना आखूड नळ्या पिळायच्या, बूच बसवायचं, दाब देऊन बघायचं आणि दाराच्या दिशेने बाण काढायचा. पण त्या दिवशी पुढच्या दारात क्रेन बंद पडली होती आणि माल मागच्या दाराने, डोकं त्याच दाराकडे ठेवून, आत आला होता. तिने खूण न बघताच नेहमीसारखा पुढच्या दाराकडे बाण काढला होता. डोकं दाराकडे असणारच, यात बघायचं काय?

तिने मान वर केली. टोळीतला प्रत्येक जण मँड्रेलकडे बघत होता. सासरे तेवढे तिच्याकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"दुसऱ्या खेपेलाच तारेवरून कळलं. तुला आत्ता कुठे कायम करतायत पोरी. माझं काय, राहिलेत किती दिवस?"

तिला भरून यायला हवं होतं. तिला आला संताप. तिने यांच्यासाठी जगाशी भांडावं, आणि यांनी तिला न विचारता तिचीच चूक आपल्या डोक्यावर घेऊन मुकाट बसावं? हिला खरं पेलणार नाही, असं यांनी परस्पर ठरवलं कसं?

एवढ्यात साहेब आला. मँड्रेल बघून त्याचा चेहरा उतरला, कारण ती विहिरीत उतरवताना तपासायची जबाबदारी त्याची होती. त्याने आवाज खाली आणला. आपसात मिटवून टाकू म्हणाला. तुमच्यावर काही येत नाही, माझ्यावरही नको, यांचं गोदामाचं तर ठरलेलंच आहे.

"उलटी मी जोडली. बाण माझा आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझं जे करायचं ते करा. पण यांना जे टोळीसमोर बोललात, ते टोळीसमोरच परत घ्या."

कामं थांबली होती. साहेबाने इकडेतिकडे पाहिलं आणि सासऱ्यांच्या दिशेने काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," ती म्हणाली.

साहेबाला मोठ्याने म्हणावं लागलं, की यांच्या हातात काही दोष नव्हता. सासरे खाली मान घालून तारेचं तेल पँटला पुसत राहिले.

"तुमच्याशी मी घरी बोलते," ती त्यांना म्हणाली, आणि आपला जबाब लिहून द्यायला ऑफिसकडे निघाली.