अर्ध्यावर परत आलेली तांबडी

बजाबाई नवी पेठेतून नातवाच्या बारशाचं कापड घेऊन आली. पिशवी हातातच, चपला पायातच, आणि मागच्या अंगणात बघते तर काय, डालग्याखाली तांबडी!

"अवो, ही हितं कशी?"

हिंदुराव पहारेकऱ्याची पाळी करून आलेले, बाजेवर आडवे पडले होते. डोळेही न उघडता म्हणाले, "हेमावती ठेवून गेली. म्हणली अंडी नासली, घ्या तुमची कोंबडी."

"सगळीच्या सगळी नासली? आन् हेमावती कुटं हाय?"

"घराला कुलूप लावून कुर्डुवाडीला गेली म्हायेरी."

बजाबाईच्या कपाळावरची शीर तट्‌कन उडाली. तांबडी म्हणजे तिची खुडूक बसणारी, अंडी उबवणारी कोंबडी. पत्र्याच्या घरांच्या त्या अख्ख्या गल्लीत अंड्यांवर इतक्या नेटानं बसणारी दुसरी नव्हती. म्हणून तांबडी घरोघर उसनी जायची. रिवाज अकलूजकडच्या गावातला. बजाबाईच्या सासूनं तो सोलापुरात आणला आणि गल्लीनं उचलला. पिल्लं निघाली की दोन तलंगा, म्हणजे वाढीला लागलेल्या कोवळ्या कोंबड्या, मालकिणीला द्यायच्या, आणि कोंबडी ज्याच्या दारात मरेल त्यानं तशीच दुसरी भरून द्यायची. यंदा धाकट्या जावेनं, हेमावतीनं, तांबडी नेली होती. पिल्लं निघायला अजून आठवडा होता. आता मला सांगा, अर्ध्या अंड्यांवरनं खुडूक कोंबडी कुणी उठवतं का? घास तोंडाशी आल्यावर कुणी ताट उलटं करतं का?

बजाबाईनं डालगं उचललं. तांबडी अंग फुगवून, मान आत ओढून बसली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, खुडूकच बसलीय. पण खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बघा एकदा! चोच मारून रक्त काढते, खुर्र करून अंगावर येते. तांबडीनं तर ह्याच्याआधी बजाबाईचा हात दोनदा फोडला होता. आज बजाबाईनं खुशाल पोटाखाली हात घातला आणि तांबडीनं नुसते डोळे मिटले.

"काय गं बाय? मारत का न्हाईस मला?"

तिनं कोंबडी उजेडात धरली. एका डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस. नाकपुड्या चिकटलेल्या, आणि त्यांना कुबट वास. चोच उघडी. श्वास घेताना दरवेळी शेपूट वरखाली हलत होतं. लाल तुरा जांभळट पडलेला. मानमोडीचा रोग तर नाही ना, म्हणून तिनं मान बघितली. मान सरळ होती, विष्ठाही हिरवी नव्हती. मग तिनं तांबडीच्या पाठीला कान लावला. आत घरघर, हुक्का ओढल्यासारखी.

"ही खुडूक न्हाय," बजाबाई म्हणाली. "हिला श्वास घ्यायला येईना म्हणून फुगून बसलीय. आन् हे काल-आज झालेलं न्हाय."

हिंदुराव उठून बसले. हळू आवाजात म्हणाले, "सकाळी शेजारची संस्कृती येऊन गेली. हेमावतीनं तिला सांगितलंय म्हणं, तांबडी रिकामी झाली, खुडूक हाय अजून, लगीच घेऊन जा. दिऊन टाक की तिला. व्हायचं ते तिच्या दारात व्हईल."

चाळीस वर्षं ह्या माणसासाठी भाकरी थापली, आणि आज हे ऐकायचं?

"लाज वाटती का काय न्हाय? त्या पोरीच्या परसात चौदा कोंबड्या हायत्या! शिलाईच्या कामातनं उसंत काढून जिवापाड जपतीय ती. तिच्या खुराड्यात हे दुखणं सोडू? आन् वर तिच्याकडनंच कोंबडी भरून घिऊ? व्हय? हेच शिकलाय का तुमी?"

"मी आपलं म्हणलं..."

"म्हणू नका! काय म्हणू नका!"

तिनं तांबडीला न्हाणीत नेलं. वाऱ्याच्या झोतात नको आणि कोंदटही नको, म्हणून खिडकीखाली गोणपाट अंथरलं. पाण्याची वाटी वेगळी काढली, बाकीच्या कोंबड्यांची भांडी उकळत्या पाण्यानं धुतली, खुराड्यातला भुसा काढून बाहेर टाकला. हिंदुराव प्रायश्चित्त म्हणून कडुलिंबाचा पाला जाळून धुरी द्यायला आले, तर तिनं धुमसतं घमेलं त्यांच्या हातातनं काढून घेतलं. "आधीच जीव गुदमरलाय, त्यात धूर? तुमाला दम लागला की चुलीत तोंड घालून बसता का?"

रिक्षा करून ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथे शेळ्या, म्हशी आणि एक गुबगुबीत कुत्रा. कुत्र्याचा मालक तिच्या मांडीवरच्या पाटीकडे बघून हसला. "मावशी, एका कोंबडीसाठी दवाखाना? कापून टाकायची की."

"तुमचं कुत्रं शिंकतंय म्हणून आणलंय न्हवं? मग त्याला काय कापणार हाय का?"

डॉक्टरीणबाई मात्र हसली नाही. तिनं तांबडीची चोच उघडून घसा बघितला, छातीला नळी लावली. "श्वासाचा रोग आहे. पाण्यातून द्यायचं औषध देते. हिला वेगळीच ठेवा, हाताळलं की हात धुवा, कपडे बदलल्याशिवाय खुराड्यात जाऊ नका. अंडी खाऊ नका. आणि कुणाला देऊ नका, जगली तरी रोग अंगात बाळगत राहील. बाकीच्या पटापट मरायला लागल्या तर तडक इकडे कळवा."

"जगंल का?"

"आठवडाभर आधी आणायला पाहिजे होती. लक्षणं तेव्हापासूनची दिसतात."

आठवडाभर! बजाबाई रिक्षात बसली आणि सगळ्या रस्त्याला तिच्या कानात तो एकच शब्द. आठवडाभर हेमावती रोज बघत होती.

घरी संस्कृती दारातच उभी. लग्न होऊन दोनच वर्षं झालेली पोर. पदराखाली अंड्यांची पाटी. "काकू, तांबडी न्यायला आले."

"न्हाय मिळायची."

संस्कृतीचा चेहरा उतरला. "मी काय तुमची कोंबडी खाऊन टाकणार होते? हेमाकाकू तर म्हणाल्या..."

"आजारी हाय गं ती! तुझ्या हेमाकाकूला ठाऊक हाय. तिच्या दारात मेली तर भरून द्यावी लागंल, म्हणून माझ्या अंगणात टाकली, आन् तिथनं तुझ्या अंगणात ढकलायची सोय केली. कळलं?"

संस्कृतीनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मागच्या आठवड्यात त्यांच्या दोन कोंबड्या मांजरानं नेल्या म्हणाल्या, त्या?"

"मांजरानं!" बजाबाईला हसू आलं नाही. "जा पोरी, तुझ्या कोंबड्या आत कोंड. आमच्याकडनं कुणाला तुझ्याकडं येऊ देऊ नको, मलासुद्धा. अंडी उकडून खा आज."

त्या रागात तिला बोलायला माणूस हवं होतं आणि हेमावतीच्या दाराला कुलूप. तिनं दोनदा जाऊन ते कुलूप बघितलं. सकाळ-संध्याकाळ औषधाचं पाणी ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं थेंबथेंब सोडलं, घशात ओतलं नाही, कारण ओतलं की श्वासनळीत जातं. तांबडी गिळायची, मान टाकायची, परत श्वास ओढायची. तिसऱ्या दिवशी दुपारी बजाबाईनं औषध घेऊन हात पुढे केला, तेव्हा तांबडीनं चोच उघडलीच नाही; जीव गेला होता.

संध्याकाळी हेमावती कुर्डुवाडीहून आली. हातात पेढ्यांचा पुडा. फाटकातच थांबली, न्हाणीच्या उघड्या दारातलं रिकामं गोणपाट बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं. ते बजाबाईनं स्पष्ट बघितलं.

"आक्का, तांबडी... हितंच मेली न्हवं?"

पहिला प्रश्न हाच. 'कशी मेली' नाही, 'काय झालं' नाही.

"व्हय," बजाबाई म्हणाली. "माझ्याच दारात मेली. तू काय देणं लागत न्हाईस, जा. दुसऱ्याच्या दारात न्हेऊन मारायची अक्कल मला न्हवती, म्हणून हितं मेली."

हेमावतीनं पुडा पुढे केला. बजाबाईनं तो घेतला नाही. शेजारच्या भिंतीआडून संस्कृतीच्या चौदाही कोंबड्या दाण्यासाठी कलकलत होत्या, आणि दोघीजणी ते ऐकत उभ्या होत्या.