देवाजी निमगडे यांचा उजवा हात

माणसाच्या हातून आजवर जी काही कृत्यं घडली, त्यांत नमस्काराइतकं निरुपद्रवी कृत्य दुसरं नाही, यावर साधुसंतांपासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. नमस्कार केल्यानं कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. वीज कंपनीच्या सुरक्षा विभागाचं मत मात्र जरा वेगळं आहे. त्यांच्या मते नमस्कारानं माणूस मरतो. आणि लाइनमन देवाजी निमगडे हा सावली गावच्या सबस्टेशनात, प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी तीनदा मेला.

त्याचं असं झालं. लाइनमन लोकांना सुरक्षा नव्यानं शिकवायची, असं कंपनीनं ठरवलं. शिकवून झालं की परीक्षा. पास होईल तो खांबावर, नापास होईल तो तक्रारींच्या फोनवर. देवाजीच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती खांबावरच काढायची, एवढीच त्याची इच्छा होती. वर वारा लागतो, वैनगंगेपर्यंतच्या धानाच्या बांध्या दिसतात, आणि मुख्य म्हणजे वर कुणी काही विचारायला येत नाही.

फोनवर माणसाचं काय होतं, ते सुकलूकडे पाहून कळत होतं. गुडघा गेल्यापासून सुकलू फोनवर बसायचा. एकेकाळचा मोठा गप्पिष्ट गडी. आता घरी बायकोनं मीठ संपल्याचं सांगितलं तरी 'तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे' म्हणायचा, आणि मीठ काही आणायचा नाही.

शिकवायला आली होती रश्मी दुर्गे. वय तिशीच्या आत, राहणार राजुऱ्याची. पहिल्या सकाळी तिनं भाषण केलं ते एवढंच :

"माझे बाबा कोळशाच्या खाणीत होते. तिथं पाळी संपली की वर आलेली माणसं मोजतात. आकडा जुळला की मग घरी चहा. मलाही इथं आकडा जुळलेला हवा. बाकी तुमच्यावर माझा काही राग नाही."

मग तिनं एक पट्ट्यापट्ट्यांची लांब दांडी दाखवली. तिचं टोक आधी खांबाला टेकवायचं, मग तारेला. करंट असला तर दांडी ओरडते, नसला तर गप्प राहते. दांडी गप्प राहिली की तार जमिनीशी जोडून घ्यायची. हे सगळं होईपर्यंत खांबाला हात म्हणून लावायचा नाही. देवाजीनं हे पाठ म्हणून दाखवलं. रश्मीनं त्याचं कौतुक केलं. मग सगळे बाहेर आवारात सरावाच्या खांबाशी गेले.

देवाजीनं हेल्मेट घातलं, पट्टा बांधला, हातमोजे चढवले, दांडी उचलली. खांबाजवळ गेला. आणि तिथं, देवळात शिरताना चपला काढाव्यात इतक्या सहजपणे, त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला, पंजा खांबाला लावला आणि मग कपाळाला.

"थांबा!" रश्मी ओरडली. "भाऊ, तुम्ही मेलात."

देवाजीनं मागं वळून पाहिलं. दुसरं कुणी मेलं असेल तर बघावं म्हणून.

"मी?"

"तुम्हीच. खांबात करंट उतरला होता."

"मॅडम, ह्या खांबाले तं लाइनच जोडली नाई. सरावाचा खांब आहे."

"जोडली होती असं समजा."

"समजतो. पण मंग मले आंधी सांगाचं ना, जोडली म्हून."

"खांब सांगत नाही भाऊ. तेच तर शिकवून राहिले ना मी."

दुसऱ्या वेळी देवाजी निर्धारानं गेला आणि निर्धारानं मेला. तिसऱ्या वेळी त्यानं डावा हात पाठीमागं धरून ठेवला. अपराध उजव्याचा होता, त्यामुळे याचा काही उपयोग झाला नाही.

"देवाजीभाऊ," एटापल्लीहून आलेला पोचू म्हणाला, "बॉडी घरी न्याची का इथीच ठेवू? जेवाची सुट्टी झाली, म्हून इचारतो."

"ठेव इथीच. उद्या पुन्हा लागन," सुकलू म्हणाला. तो फोन सोडून मुद्दाम बघायला आला होता. कितीतरी महिन्यांनी हसला.

देवाजीला हा नमस्कार शिकवला होता त्याचे उस्ताद भैयाजी यांनी. पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते, "चढाच्या आंधी खांबाले इचाराव." त्या भागातले सगळेच जुने लाइनमन खांबाला विचारून चढायचे. भैयाजी स्वतः आयुष्यभर विचारून चढले आणि एकदाही खांबावरून पडले नाहीत. निवृत्त झाल्यावर सायकलवरून पडले. सायकलला विचारायची पद्धत नव्हती.

बाकीच्यांची सवय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटली. देवाजीची सुटेना. त्याचा उजवा हात त्याला न विचारता निघायचा आणि परत आल्यावर कळवायचा.

"उद्या परीक्षा आहे," रश्मी त्या संध्याकाळी म्हणाली. तिचा चेहरा त्याच्यापेक्षा पडलेला होता. "चांद्याहून साहेब येणार आहेत. भाऊ, तुमचं बाकी सगळं पैकीच्या पैकी आहे. पण मेलेल्या माणसाला मी पास करू शकत नाही."

यात कुणाचं चुकत होतं असं देवाजीला वाटेना, आणि तीच खरी अडचण होती.

घरी त्याची बायको अंजनाबाई अंगणातल्या मांडवावरच्या वालाच्या शेंगा तोडत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं शेंगांवरची नजर न काढता ऐकून घेतलं आणि मग तोंड उघडलं.

"मामाजींनी, तुमच्या सख्ख्या बापानं, छप्पन साली चांद्याले जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली. घरातले होते नव्हते ते देव नदीत सोडले. अन् तुमी कंपनीच्या खांबाच्या पाया पडून राह्यले?"

हा घाव वर्मी लागला. देवाजी देव मानत नव्हता. नावात तेवढा राहून गेला होता.

"पाया नाई पडत वं. इचारतो त्याले."

"काय इचारता?"

"चढू का म्हून."

"अन् तो नाई म्हणन, तं तुमाले कसं कळन?"

देवाजी विचारात पडला. इतक्या वर्षांत खांब कधी नाही म्हणाला नव्हता. म्हणाला असता तर आत्ताचं हे संभाषण झालंच नसतं, हे त्याच्या सावकाश लक्षात आलं. तो मांडवाखालच्या बाजेवर बसला.

"त्या पोरीनं काही देलं असन ना इचाराले?" अंजनाबाईनं विचारलं.

"दांडी देल्ली. करंट असला का वरडते."

"मंग तिलेच इचारू द्या ना! वकील करून देला कंपनीनं, तं सोता काऊन कोर्टात उभे राहून राह्यले?"

एवढं बोलून ती आत गेली आणि लाटणं घेऊन बाहेर आली. देवाजी उठून उभा राहिला. संसार जुना असला तरी लाटणं या कारणासाठी बाहेर येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"ही मांडवाची मेढ म्हणजे तुमचा खांब," ती म्हणाली. "हा बांबू म्हणजे दांडी. अन् मी करंट. चाला."

देवाजीनं हातमोजे घातले, बांबू उचलला, मेढीपाशी गेला. उजवा मोजा निघाला, हात पुढं झाला, आणि बोटांच्या पेरांवर लाटणं बसलं.

"करंट!" अंजनाबाई म्हणाली.

"अवं, लागलं ना!"

"करंट म्हून सांगून येते काय? पुन्हा."

पुन्हा हात गेला, पुन्हा करंट आला. कुंपणापलीकडून शेजारच्या गुणाबाईनं मान वर काढली.

"काय वं अंजना, नवऱ्याले मारून राह्यली काय?"

"नाई वं बाई, ट्रेनिंग सुरू आहे. कंपनीची."

"असं काय? आमच्या घरच्यालेबी पाठवू का? तो कंपनीत नाई, पण चालन ना?"

दिवेलागणीपर्यंत कुंपणाशी बऱ्यापैकी गर्दी जमली. भैयाजींची शिकवण आणि अंजनाबाईचं लाटणं यांचा हा सामना चांगलाच रंगला. भैयाजींची बाजू कसलेली होती, पण ते हजर नव्हते. शेवटी एकदा देवाजी मेढीपाशी गेला, हात निघाला, अर्ध्या वाटेत थबकला आणि गुमान परत आला. देवाजीनं बांबूचं टोक मेढीला टेकवलं. बांबू गप्प राहिला. अंजनाबाई लाटणं घेऊन पोळ्या करायला आत गेली.

परीक्षेला आवारात मांडव घातला होता. साहेब आले, त्यांच्यामागून फोटोग्राफर आला. साहेबांनी सुरक्षेवर भाषण केलं. ते इतकं लांबलं की पुढच्या रांगेतला पोचू हेल्मेट डोळ्यांवर ओढून झोपला आणि हेल्मेटचा एक उपयोग सिद्ध झाला.

मग देवाजीचं नाव पुकारलं गेलं.

तो खांबापाशी जाऊन उभा राहिला. उजवा हात मोज्याच्या आत हलला. हात तिथंच बसून राहिला. पेरं सुजली होती, हेही कारण असावं. देवाजीनं दांडीचं टोक खांबाला टेकवलं. मनातल्या मनात विचारलं, चढू का? दांडी गप्प. टोक तारेला टेकवलं. दांडी गप्प. त्यानं तार जमिनीशी जोडली आणि चढला.

आणि चढला म्हणजे कसा! तरण्या पोरांनी तोंडं उघडी टाकून बघत राहावं असा. वर गणवेश घातलेला, धानाचं तणस भरलेला एक पुतळा लटकवून ठेवला होता. तो शॉक बसलेला सहकारी समजायचा होता. देवाजीनं त्याला दोरात असा घेतला, असा सावकाश खाली सोडला, की खाली उतरल्यावर तो पुतळा आभार मानतो की काय, असं वाटावं. टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. सुकलू फोन सोडून पुन्हा बाहेर आला होता. आत फोन वाजत राहिला आणि तो टाळ्या वाजवत राहिला.

देवाजी खाली आला. रश्मी त्याच्याजवळ गेली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही जिवंत आहात."

"जय भीम मॅडम," देवाजी म्हणाला.

निकाल साहेब जाहीर करणार होते. पण त्याआधी कुणाच्या तरी मनात आलं की एवढं सगळं निर्विघ्न पार पडलं, तर साहेबांच्या हस्ते खांबाला नारळ फोडावा. साहेब नारळ घेऊन खांबाशी गेले. फोटोग्राफर सरसावला. साहेबांनी नारळ डाव्या हातात घेतला, आणि उजवा मोकळा हात नमस्कारासाठी खांबाकडे नेला.

देवाजी शेजारीच उभा होता. हातात दांडी होती.

पुढचं देवाजीनं केलं असं म्हणता येणार नाही. ते हातानं केलं. फाडकन दांडी साहेबांच्या बोटांवर बसली आणि देवाजीच्या तोंडून गर्जना निघाली, "करंट!"

नारळ खाली पडून गडगडत गेला. तो थांबेपर्यंत सगळे नारळाकडेच बघत राहिले, कारण साहेबांकडे बघायची कुणाची छाती नव्हती. सावलीच्या इंजिनिअरनं डोळे मिटून घेतले. देवाजीला डोळ्यांपुढं फोन दिसला. मग वाटलं, आता फोनही देणार नाहीत.

रश्मी पुढं झाली. आवाज गेले तीन दिवस होता तोच.

"साहेब, तुम्ही मेला असतात," ती म्हणाली. "निमगडेभाऊंनी वाचवलं."

साहेब बोटं चोळत राहिले. त्यांनी खांबाकडे पाहिलं, देवाजीकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं.

"आत्ताच तासभर मी यावरच बोललो ना?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग कुणी ऐकलं नाही म्हणायचं. मीसुद्धा." आणि साहेब एकदम हसायला लागले. ते हसताहेत असं नक्की झाल्यावर इंजिनिअर हसला, मग सगळं आवार. "आणा ते मोजे इकडं."

साहेबांनी मोजे घातले. देवाजीनं सांगितलं तशी दांडी धरली, खांबाला विचारलं, दांडी गप्प राहिली. मग त्यांनी मोज्यांसकट नारळ फोडला. त्याला बराच वेळ लागला, पण एकाही माणसानं त्यांना मोजे काढा म्हटलं नाही. फुटल्यावर असा जल्लोष झाला की रस्त्यानं जाणारी बस कुणाचं लग्न आहे ते बघायला थांबली.

"पास!" साहेब ओरडले. "पहिल्या नंबरानं पास! मला नोकरीत इतक्या जणांनी शिकवलं, पण इतकं नेमकं कुणी शिकवलं नाही. हा माणूस आपल्या विभागातल्या सगळ्या लाइनमन लोकांना शिकवेल. आजपासून हे निमगडेगुरुजी!"

पोचूनं देवाजीला खांद्यावर उचललं. सुकलूनं कुठूनसा हार आणला. रश्मीनं माणसं मोजली आणि आकडा जुळल्याचं जाहीर केलं, त्यालाही टाळ्या पडल्या. त्या दिवशी सावलीच्या सबस्टेशनात जेवढा आनंद झाला, तेवढा वीज आल्यावर गावातसुद्धा होत नाही.

घरी अंजनाबाई दारातच उभी होती.

"मंग? फोन का खांब?"

"दोनी नाई," देवाजी म्हणाला. हार अजून गळ्यात होता. "गुरुजी."

"अगं बाई!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्याच्या सुजलेल्या बोटांकडे नीट बघून तेल गरम करायला गेली. जाता जाता कुंपणावरून हाक मारून गुणाबाईला म्हणाली, "पाठव वं तुझ्या घरच्याले. आता सरकारी गुरुजी आहेत."

पुढच्या महिन्यात देवाजी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, प्रशिक्षण केंद्रावर रुजू झाला. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे. दिवसभर कुणी ना कुणी काही विचारायला येतं. तिथं खांब नाही.